तीन सीलबंद प्रती

आमचे संचालक डॉ. फिक्री अल-दमनहूरी यांनी छायाचित्रांच्या जतनाविषयी एकच वाक्य वाचले होते आणि ते आयुष्यभर पुरवले. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक इमारतीबाहेर असावी. ज्या ज्या परिषदेने विमानाचे तिकीट पाठवले तिथे त्यांनी हे वाक्य असे ऐकवले, की जणू ते त्यांना स्वतःच्या उत्खननात सापडले होते. पोर्ट सैदच्या आमच्या छायाचित्र संग्रहात मात्र ‘इमारतीबाहेर’ या शब्दाचा अर्थ मागच्या अंगणातली कोठी असा लावण्यात आला, कारण अंगणाला छप्पर नाही.

कोठीतल्या लोखंडी कपाटात तीन हार्ड डिस्क होत्या. ‘प्रत पहिली’, ‘प्रत दुसरी’, ‘प्रत तिसरी’ अशा चिठ्ठ्या लावलेली तीन खोकी, भोवती सुतळी, गाठीवर लाल मेण, मेणावर शिक्का. दर जूनअखेर तिघांची समिती येई, मेण न्याहाळी आणि नोंदवहीत ‘तीन नग, अखंड’ असे लिहून सह्या करी. त्या तीन सह्यांपैकी एक सहा वर्षे माझी होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे जो तिरस्कार लिहिणार आहे त्यातून मी स्वतःला वगळले आहे, असा कोणाचा समज होऊ नये.

संग्रहात एकतीस हजार चारशे बारा चित्रे होती. बंदराजवळच्या एका ग्रीक कुटुंबाच्या स्टुडिओतल्या काचेच्या प्लेटांवरून ती उतरवलेली. युद्धाच्या वर्षांत शहर रिकामे करायला लावले, तेव्हा लोकांनी गाद्या आणि पातेली नेली. आल्बम मागे राहिले आणि नाहीसे झाले. कित्येक घरांतल्या मेलेल्या माणसांचा चेहरा त्यामुळे फक्त आमच्याकडे शिल्लक होता. मादाम इब्तिसामने आठ वर्षे एकेक प्लेट स्कॅन केली आणि अरब मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांच्या दारी बसून एकेका चेहऱ्याचे नाव विचारून घेतले. काम संपल्यावर संचालकांनी प्लेटा मिठागराशेजारच्या गोदामात पाठवल्या. “डिजिटल झाल्यावर काच कशाला?” एका हिवाळ्यात दमट हवेने काचेवरचा चित्राचा थर सुटला. राहिल्या खिडकीच्या काचा.

त्या सोमवारी सकाळी मादाम इब्तिसाम माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“डॉक्टर, रोजच्या कामाची मुख्य डिस्क टकटक करतेय. तीनदा लावली, दोनदा दिसलीच नाही. आता दिसतेय, पण ही काही फार दिवसांची सोबतीण नव्हे.”

“बॅकअप आहे,” मी म्हणाले. श्रद्धाळू माणसे ज्या स्वरात बोलतात त्याच स्वरात.

कोठीचा ताबा बयूमीकडे होता. सगळे त्याला अम्म बयूमी म्हणत. काका म्हणावे इतके त्याचे वय होते आणि इतकाच त्याचा अधिकार. तो चहा ओतत होता.

“अम्म बयूमी, पहिली प्रत द्या.”

“देतो की. समितीचा कागद आणा.”

“कागदाला वेळ नाही. मुख्य डिस्क मरायला टेकलीय. तुमच्या डिस्कवरची चित्रं उतरवून घ्यायचीत.”

“माझ्या डिस्कवरची?” त्याने किटली खाली ठेवली. “डॉक्टरबाई, त्यात कुठली आलीत चित्रं? आल्या दिवशी सील केल्यात. वल्लाही, आतलं प्लॅस्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नाही!” हे तो अभिमानाने सांगत होता.

“मग चिठ्ठीवर ‘प्रत’ का लिहिलंय?”

“खरेदीच्या कागदावर तसंच होतं. मी काय माझ्या मनानं लिहिणार?”

“सहा वर्षांत एकदाही उघडल्या नाहीत?”

“उघडल्या असत्या तर बिघडल्या असत्या, आणि बिघडल्या असत्या तर भरपाई माझ्या पगारातून. न उघडलेली वस्तू बिघडल्याचं ऐकलंय कधी? या कोठीत सोळा खुर्च्या आहेत. एकीवरही अजून कुणाचं बूड टेकलेलं नाही. नव्या नवरीसारख्या आहेत बघा!”

मध्ययुगातल्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या मदरशांच्या दानपत्रांवर मी प्रबंध लिहिला आहे. पुस्तक बाहेर नेऊ द्यायचे नाही, अशी सक्त ताकीद त्या काळच्या ग्रंथपालांना असे; पण पुस्तक उघडूच द्यायचे नाही, इतकी प्रगती त्यांनी केलेली नव्हती. ती आमच्या वाट्याला आली. सरकारी वस्तू एकदा कोणाच्या ताब्यात गेली की तिचा उपयोग हाच तिला असलेला एकमेव धोका ठरतो. सहा वर्षे मी मेण तपासले होते, चित्रे नाही. बयूमी अज्ञानी होता असे म्हणायची सोय मला होती. माझ्या बाबतीत तीही नव्हती.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. परिसंवादांतही ते असेच ऐकतात.

“डॉ. इनास, घाबरू नका. अर्ज द्या. समिती सील काढेल.”

“कधी?”

“एक सदस्य उमऱ्याच्या यात्रेला गेलेत. गुरुवारी येतील. शनिवार धरा.”

“डिस्क शनिवारपर्यंत टिकणार नाही.”

“हे तुम्ही तिला विचारलंत का?” ते स्वतःच्या विनोदावर हसले. “आणि हे पाहा, घरची डिस्क वगैरे आणू नका.”

आणूनही उपयोग नव्हता. संस्थेच्या नोंदवहीत क्रमांक असलेली डिस्कच आमच्या संगणकाला चाले. इंटरनेटवर प्रत ठेवणे म्हणजे राष्ट्राचा ठेवा परक्यांना देणे, असे संचालकांनी पूर्वीच जाहीर केले होते. संग्रहाच्या रक्षणासाठी या संस्थेने एकच कार्यक्षम यंत्रणा उभारली होती, आणि ती आमच्याविरुद्ध होती.

मी कात्री घेऊन कोठीत परतले. बयूमीने कात्री पाहिली आणि कपाटापुढे हात पसरले.

“डॉक्टरबाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका!”

“कागद आणा. सील मी तोडलं, तुम्ही विरोध केलात, असं लिहून सही करते.”

“‘कडाडून विरोध’ लिहा.”

“कडाडून लिहिते.”

त्याने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला, किल्ली चहाच्या तबकात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. “मी काही पाहिलेलं नाही, अल्लाह साक्षी आहे,” तो भिंतीला म्हणाला. मेण तुटल्याचा आवाज झाला तसा तो दचकला.

दहा वाजता मादाम इब्तिसामने नवी डिस्क जोडली. ओळीने उतरवायचे तर पहिला फोल्डर ‘अधिकृत समारंभ’ होता: मंत्री, फिती, कात्र्या, आणि प्रत्येक चित्रात डावीकडे डॉ. फिक्री.

“हा शेवटी,” मी म्हणाले.

“शेवटीसुद्धा कशाला?” ती म्हणाली. “या लोकांचे फोटो त्यांच्या घराघरांत टांगलेत. आधी अरब मोहल्ला.”

टकटक चालू होती. मासेवाले, बंदरावरचे हमाल, उसन्या कोटातले नवरदेव, डोळे मिटलेली तान्ही मुले एकामागून एक पलीकडे जात होती. इब्तिसाम नावे पुटपुटत होती. ती तिला पाठ होती. नावांची वहीही याच डिस्कवर आहे हे मला तेव्हा आठवले. ती मध्येच उतरवून घेतली. त्यात चार मिनिटे गेली, म्हणजे अडीचशेक माणसे. त्यांचा हिशेब माझ्याकडे लागतो.

पावणेतीनला आवाज थांबला. सतरा हजार दोनशे सहा. इब्तिसामने केबल काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

“मीना मोहल्ल्याचा अख्खा फोल्डर राहून गेला,” ती म्हणाली. “त्यात माझी आई होती.”

आठ वर्षांत तिने हे कधीच सांगितले नव्हते.

सव्वातीनला संचालक आले. सुतळीचे तुकडे त्यांना आधी दिसले.

“हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“कोणीही नाही.”

“समारंभांचा फोल्डर आला?”

“नाही.”

त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच शोकाकुल झाला. “चौकशी होईल. उद्या सकाळी ही डिस्क पुरावा म्हणून पुन्हा सीलबंद करतो आहोत.”

“तिच्यात सतरा हजार चित्रं आहेत. जगात त्यांची दुसरी प्रत नाही.”

“मग तर तिला हात लागता कामा नये!” ते म्हणाले. त्यांना यात काहीही विसंगत वाटत नव्हते. ते आदेशाचा मसुदा करायला निघून गेले.

मी घड्याळ पाहिले. नव्या डिस्कवरून नव्या डिस्कवर इतकी चित्रे दीडेक तासात जातात. कार्यालय पाचला बंद होते.

“एका सीलची शिक्षा काय असते, डॉक्टर?” इब्तिसामने विचारले.

“पगारकपात. ताकीद.”

“आणि दोन सीलांची?”

“तितकीच. नियम लिहिताना इतका विचार कोणी केलेला नाही.”

तिने कात्री उचलली. “दुसरं माझ्या नावावर लिहा,” ती म्हणाली आणि कोठीकडे चालू लागली.