न खोडलेली ओळ

उत्तर नॉर्वेतल्या आमच्या लिंगेनच्या डोंगरांत एक रिवाज आहे. वरच्या लाकडी खोपीतून निघताना तिथल्या वहीत नाव आणि कुठे चाललो ते लिहायचं, आणि उतरल्यावर खोपीत येऊन ती ओळ आपल्या हातानं खोडायची. ओळ तशीच राहिली म्हणजे माणूस अजून वर आहे. गावातल्या पोरांना चाळीस वर्षं मीच हे शिकवलं. त्यासोबत आणखी एक वाक्य असायचं, 'परत फिरण्यात लाज नाही.' लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्या मे महिन्यात खोपीत ओस्लोचे चौघं तरुण उतरले होते. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, या वयात शिखर? उन्हात बसून कॉफी प्या की आमच्याबरोबर!" सगळे हसले. मी मुकाट्यानं वही ओढली आणि लिहिलं, 'आयलिफ, शिखर, संध्याकाळी परत.' अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

हिमनदी ओलांडायच्या आतच गुडघ्यांनी दगा दिला. मी परत फिरलो, ते शहाणपणाचंच होतं. पण खोपीत ते चौघं बसलेले असणार. त्यांच्यासमोर ओळ खोडायची? त्यापेक्षा मी बाजूच्या दरीतून थेट खाली फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीवर, माझ्या होडीच्या शेडमध्ये उतरलो. फोन बंद पडला होता. उद्या गुपचूप जाऊन खोडू, असं म्हणत सुका मासा आणि पाव खाल्ला आणि आडवा झालो.

सकाळी डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. "गेला वाटतं कोणी पर्यटक हिमनदीच्या भेगेत," मी स्वतःशीच म्हणालो. "झेपत नाही तर चढतात कशाला लेकाचे!"

थोड्या वेळानं शेजारचा मच्छीमार रोआल्ड जाळी घेऊन आला आणि मला बघून जागीच थबकला.

"अरे, तू इथे? कालपासून अख्खा गाव तुला वर शोधतोय! आस्बियोर्ग हिमनदीच्या भेगेत पडली. आत्ताच तिला इस्पितळात नेलं."

आस्बियोर्ग आमच्या बचाव पथकाची प्रमुख. ती दहा वर्षांची असताना तिच्या कमरेला पहिला दोर मी बांधला होता.

"वाट चुकलास काय रे?" रोआल्डनं विचारलं.

"धुकं होतं," मी म्हणालो. काल आभाळ लख्ख होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

इस्पितळात आस्बियोर्गच्या पायात सळया घातल्या होत्या. मला बघून तिचे डोळे भरून आले. "मास्तर! आहात की धडधाकट! आम्ही तर पार आशा सोडली होती." मग म्हणाली, "दरीकडे उतरलेली पावलं दिसली होती हो आम्हाला. सगळे म्हणाले, म्हातारा घरी गेला असेल, चला. मी म्हटलं, शक्यच नाही. मास्तर ओळ खोडल्याशिवाय घरी जायचे नाहीत. म्हणून मी हिमनदीवर पुढे गेले."

जनाची नाही, निदान मनाची तरी लाज वाटायला हवी होती मला. ती वाटली, पण फार उशिरा.

"रोआल्डला मी धुकं होतं म्हणालो, ते खोटं होतं, आस्बियोर्ग," मी म्हणालो. "ती पावलं माझीच होती. चार पोरांसमोर ओळ खोडायची लाज वाटली मला."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. तशीच म्हणाली, "घोटा आता वळणार नाही म्हणतात." आणि मग, "तुम्ही जा आता, आयलिफ." इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी खोपीत गेलो. बाकांवर बरीच माणसं होती. त्यांच्यादेखत वही उघडली आणि माझी ओळ खोडली. तिच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आस्बियोर्ग, मास्तरांना आणायला.'

ती ओळ तशीच होती. मी पेन खाली ठेवलं. ती खोडायचा हक्क माझा नव्हता.