मूठभर कोंड्याचं लेकरू

मित्रांनो, मी काठवट. तुमच्यातल्या निम्म्यांना काठवट म्हंजी काय तेच ठाऊक नसंल. आता समदीकडं स्टीलची परात. माझ्या टायमाला भाकरीचं पीठ लाकडात मळायचे. फुलंब्रीच्या सुतारानं कडुलिंबाचं एक खोड कोरून मला केलं अन् भागूबाईच्या चुलीपाशी आनून ठिवलं. निजामाचं राज गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनला तवा वरीस बी झालं नव्हतं.

भागूबाई हाताची लई हलकी. पीठ मळायची तर मला गुदगुल्या व्हायच्या. पर घरात सुख नव्हतं. तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं पोटात असताना नवरा गेला. ते चौथं झालं पोळ्याच्या दिवशी. पोरगा. नाव ठिवलं कडूबा. कडू जिनसाला कुनी तोंड लावत नाय, मग मरन तरी कशाला लावंल?

तेवढ्यानं तिची भीती गेली नाय. आमच्या गल्लीत एक रीत व्हती. जिची लेकरं जगत नाय, तिनं नवं लेकरू काठवटीत घालून शेजारनीला इकायचं. लुटुपुटूचं. मरनाला वाटावं, हे हिचं नव्हंच. पाच वर्सं झाली की पायलीभर गहू देऊन परत घ्यायचं. तवर काठवट शेजारनीकडंच. मायनं 'माझं' म्हनायचं नाय, दिवस बी मोजायचे नाय. मोजले की मरनाला कळतं.

शेजारीन जमिला. तिनं भिंतीवरून मला लेकरासकट उचललं अन् भागूबाईच्या पदरात मूठभर कोंडा टाकला.

"झाला सौदा! आज से ये मेरा. तू नुस्ती दूध पाजनारी. पगार मागू नको."

भागूबाई रडता रडता हसली.

पर मोजल्याबिगर मायला ऱ्हावतंय व्हय? दर पोळ्याला, जमिला शेतावर गेली की ती इळा घिऊन यायची अन् माझ्या कडेला एक खाच पाडायची. गल्लीतली नवी सून आवडाबाई दारात राखनीला. मला दुखायचं, पर मी कंधी कुरकुरले नाय. चार खाचा झाल्या. त्या वर्साच्या थंडीत भागूबाईला ताप भरला अन् तीन दिवसांत ती गेली. आवडाबाईचा नवरा बी तवाच बिऱ्हाड घिऊन शहरात गेला.

भागूबाईच्या दिरानं घराला कुलूप लावलं. जमिला म्हनली, "भाऊ, पोरगं तुमचं हाय, न्या." तो म्हनला, "इकलेलं पोरगं. आमच्या कुळात नाय."

जमिलानं वाद घातला नाय. माझ्यात दोन मुठी पीठ जास्त टाकलं. शाळेत मास्तरनं इचारलं, पालक कोन? ती म्हनली, "मैं." आईचं नाव कुनी इचारलंच नाय.

कडूबा माझ्यातल्या भाकरीवर वाढला. चिकलठाण्याला कंपनीत लागला, लगीन झालं, नातवंडं झाली. पर एक काटा ऱ्हायला. ल्हानपनी पोरं चिडवायची, "कोंड्याच्या भावात गेलेलं!" जमिला हजारदा सांगायची, "बेटा, तुझ्या मायनं तुला टाकलं नाय. रीत व्हती ती." त्याला वाटायचं, समजूत काढती. मायचं नाव त्यानं कंधी तोंडातून काढलं नाय. अन् मी समदं बघितलेलं! पर लाकडाला जीभ कुठं?

जमिला बी गेली. घरात परात आली, मी अंगनात. कोंबड्या माझ्यात पानी प्यायच्या. एक डाव पानी तापवायच्या बंबात जाळायला काढलं, तर जमिलाच्या सोताच्या लेकाची लेक आडवी आली. राहत तिचं नाव. "दादीची हाय, हात लावू नका."

ती शहरातल्या इतिहास मंडळात जायची. दर आईतवारी एका शाळेच्या वर्गात लोक जमायचे. कुनी जुने कागद आनायचं, कुनी फोटो, कुनी नुस्त्या आठवनी. द्वारकाबाई म्हनून रिटायर मास्तरीन व्हत्या, त्या फुलंब्रीतल्या घरान्यांची वंशावळ कागदावर काढत व्हत्या. त्यात कडूबा एकलाच लोंबकळत व्हता. खाली पोरं-नातवंडं, वर काय बी नाय.

एका आईतवारी राहतनं मला पोत्यात घातलं अन् कडूबाला रिक्षात.

"कडूचाचा, चला. गरम भजे असतेत तिथं."

"सदुसष्टाव्या वर्साला कुळ घिऊन काय करू? भज्यासाठी येतो."

द्वारकाबाईंनी कागद पसरला. "भाऊ, आईचं नाव सांगा."

"लिवू नका," कडूबा म्हनला. "जिनं मूठभर कोंड्याला इकलं, तिचं नाव कशाला?"

 तेवढ्यात भिंतीला टेकलेली एक म्हातारी सरकत फुडं आली. डोळ्यांनी अधू. "कोंड्याला? तू भागूचा कडू का रं?" ती आवडाबाई व्हती. पंच्याऐंशीची. तिनं मला मांडीवर घेतलं, कडंवरनं बोटं फिरवली अन् त्याचा हात वढला.

"मोज."

"चार हायेत. उंदरानं कुरतडलं असंल."

"उंदीर असशील तू, मुडद्या! तुझ्या मायनं इळ्यानं पाडल्यात. चोरून. दर पोळ्याला एक. दारात राखनीला मी असायची. पाच झाल्या की तुला घरी न्यायची व्हती. पायलीभर गहू गाडग्यात काढून ठिवले व्हते. टाकून दिलेल्या लेकराचे दिवस कुनी मोजतं का रं?"

कडूबाचं बोट चौथ्या खाचेवर आलं. मग फुडं सरकलं. तिथं लाकूड सपाट. लई येळ तो तिथंच बोट फिरवत ऱ्हायला. 

"भागूबाई लिवा," तो म्हनला. "अन् जमिला बी."

"रकाना एकच आहे हो."

"मग रकाना वाढवा, बाई. तीन बोटं कागद लागंल."

द्वारकाबाईंनी चष्मा पुसला अन् खोडरबर घेतलं.

भजे आले, निवले. कडूबा आवडाबाईच्या पायापाशी फरशीवर मांडी घालून बसला.

"मावशे, दिसायला कशी व्हती माझी माय?"

"कान तुझ्यावानी, हे मोठाले. अन् चालायची लई झपाझप. पान्याला निघालो की आमाला मागं टाकायची."

कडूबानं हळूच सोताच्या कानाला हात लावला.

मित्रांनो, माझ्यासारकी लाकडं जपा, बंबात घालू नका. पर एक ध्यानात ठिवा. खाचा मी जपल्या, त्या कशाच्या ते सांगाया मानूसच लागला. आवडाबाई त्या दिशी आली नसती, तर मी नुस्तं कुरतडलेलं लाकूड. तुमच्या घरात बी कुनीतरी असंल, कमी ऐकनारं, तेच तेच सांगनारं. त्याच्यापाशी जाऊन बसा, अन् जरा मोठ्यानं इचारा.