आठचा अंगठा

मोबाइल वरच्या खिशातून निसटला आणि लिफ्टच्या शाफ्टमधून आपटत, धडकत सात मजले खाली गेला. खिशाची चेन लावायची राहिली होती. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, नव्या माणसांना पहिल्याच दिवशी हेच बजावतो, आणि स्वतः मात्र माती खाल्ली.

“सुटलास,” माझा जोडीदार म्हणाला. “आज डोक्याला ताप नाही.”

“सुटलो कसला! आठ वाजत आलेत. अण्णांचा अंगठा यायचाय.”

आमचे वडील एकटे राहतात. मागच्या वर्षी ते न्हाणीघरात पडले आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ठरलं, की रोज सकाळी आठला त्यांनी मोबाइलवर मला अंगठा पाठवायचा. म्हणजे सगळं ठीक. मीही उलट एक अंगठा पाठवायचो आणि कामाला लागायचो.

“घे माझा फोन. लाव त्यांना.”

घेतला. नंबर आठवेना. जन्मदात्या बापाचा नंबर! शेवटी त्र्याण्णव की एकोणचाळीस? एक लावून पाहिला, तो कुठल्याशा बाईंना लागला आणि त्यांनी सकाळी सकाळी माझी बिनपाण्याने केली. दुसरा नंबर अस्तित्वातच नव्हता.

“पाठवला असेल रे त्यांनी. तुला मोबाइल नसला की धापच लागते,” जोडीदार हसला. मी पाना असा काही आपटला, की तो निमूट कामाला लागला.

काम टाकून निघताही येईना. सातव्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात जायचं होतं. हात चालत होते, जीव टांगणीला लागला होता. रिकामा खिसा शंभरदा चाचपला. बाराला लिफ्ट एकदाची सुरू झाली. दोन बस बदलून मी अण्णांचं दार धडाधडा वाजवलं.

“कोण?” दार उघडून अण्णांनी मलाच विचारलं. चांगले धडधाकट! भीती गेली आणि नुसता संताप आला.

“मी! दुसरं कोण?”

“तू? अंगठा मिळाला नाही का?”

आवाज ऐकून शेजारच्या मावशी आल्या. “आठच्या ठोक्याला पाठवला की मी,” म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

“तुम्ही?”

“दोन महिने झाले. त्यांना दिसत नाही आता. तुम्हाला कळवू नका म्हणाले.”

अण्णा खाटेच्या कडेवर बसले होते. तोंड माझ्याकडे, नजर भलतीकडेच.

“अहो, मला सांगायचं नाही?” मी ओरडलोच.

“तू विचारलंस कुठे? तूही अंगठाच पाठवायचास.”

चार महिन्यांत मी इकडे फिरकलो नव्हतो. स्वतःचीच लाज वाटली.

“उभा का? बस ना,” ते म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखे गडबडीने उठले, भिंतीला हात लावत बटणापाशी गेले आणि दिवा लावला. “तुला अंधार वाटत असेल.”

खिडकीतून खाटेपर्यंत लख्ख ऊन आलं होतं.

“बरं झालं लावलात,” मी म्हणालो.