आणि वांगं

तोक्योच्या फुनाबोरी भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर माझ्या यादीला भलताच भाव आहे. शाकाहारी माणसाने जपानात फिरताना काय करावं, याची यादी. कोंबिनीतला, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास दुकानातला, भाताचा गोळा आत काय भरलंय ते वाचल्याशिवाय घेऊ नका. मिसोचं सूप कितीही निरागस दिसलं तरी त्यात माशाचा अर्क असतो. खोली बुक करतानाच फोन करून खाण्याचं सगळं सांगा. हे शेवटचं मीच लिहिलं आणि मीच मोडलं.

आमच्या पुष्करला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॅरिबियनला जायचं होतं. तोयोसुच्या ऑफिसात कुणीतरी फोटो दाखवून त्याचं डोकं फिरवलेलं. आणि सुट्टी मिळाली किती, तर चार दिवस! मग मी जपानातलंच मियाको बेट शोधून काढलं. पुण्याहून सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही समुद्र दाखवायचा होता. पण ऑगस्ट म्हणजे चातुर्मास. आईंचं कांदा-लसूण-वांगं बंद.

तिथल्या घरगुती लॉजच्या मालकीणबाई, मोरिता-सान, फोनवर दोनदा विचारत होत्या, "आणखी काही?" मी मांस, मासे, अंडं, माशाचा अर्क एवढं सांगितलं आणि गप्प बसले. कांद्याचं सांगायची लाजच वाटली. का नाही खात, असं विचारलं तर काय सांगू? देव झोपलेत म्हणून?

समुद्र मात्र अहाहा! असलं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या आणि लहान मुलीसारख्या ओरडतायत, "उल्का, अगं माझी बोटं दिसतायत बघ!"

रात्री जेवायला बसलो तर भज्यांत कांदा, भाजीत कांदा, सारात कांदा. आईंनी ताट हळूच सरकवलं. "मला भूक नाही गं." सकाळपासून पोटात एक केळं! पुष्कर म्हणाला, "आई, प्रवासात चालतं." त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढली. माझा असा संताप झाला, त्यांच्यावर की स्वतःवर, कोण जाणे.

मोरिता-सान आल्या, भरलेलं ताट पाहिलं आणि गुडघ्यांवर बसून वाकून माफी मागू लागल्या. सत्तरीची बाई, चूक माझी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगून टाकलं. चार महिने, देवासाठी, कांदा नाही, लसूण नाही.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आ, शोजिन!"

त्यांचं माहेर क्योतोचं, वडील देवळात स्वयंपाकी. तिथल्या बौद्ध देवळांतल्या स्वयंपाकाला शोजिन म्हणतात आणि त्यात कांदा-लसूण वर्ज्यच. बाई उठल्या, कढई घासली, नवं तेल ओतलं. अर्ध्या तासात दुसरं ताट आलं: शेंगदाण्याचं टोफू, भोपळा, समुद्री पाल्याचं सार आणि चक्क कारलं. काय हात होता त्या बाईचा! आईंनी कारलं दोनदा मागून घेतलं. मोरिता-सान समोर बसून वाढत होत्या, दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी अखंड बोलत होत्या.

खोलीत आल्यावर आईंनी विचारलं, "फोनवर तू सांगितलंच नव्हतंस ना?"

"नाही."

"माझी लाज वाटली?"

खोटं बोलवेना. "हो, आई."

त्या पदराशी चाळा करत बसल्या. "त्या बाईला एका शब्दात कळलं गं," एवढंच म्हणाल्या. मला रडू फुटलं. त्यांनी राजगिऱ्याची उरलेली वडी माझ्या हातात ठेवली आणि आडव्या झाल्या.

पुढचा मुक्काम शेजारच्या बेटावर होता. सकाळी मी आईंना बाजूला बसवून तिथे फोन लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "शोजिन. कांदा नको, लसूण नको."

आईंनी कोपराने ढोसलं. "आणि वांगं! वांगं राहिलं!"