पाणी बेतानं

हरिहररावांनी लिहून दिलेल्या उत्तरात विनया रोज सकाळी अनोळखी माणसांकडे बघून हसत असे. हसण्यानं जग सुंदर होतं, असं त्या उत्तराचं शेवटचं वाक्य होतं. दुसऱ्या उत्तरात ती रविवारी सार्वजनिक वाचनालयात आणि संध्याकाळी बागेत जाई. लखनौतल्या मानक नगरच्या क्वार्टरमध्ये भाजी चिरताचिरता ती ही इंग्रजी उत्तरं घोकायची, आणि ही एवढी हसरी, एवढी रिकामटेकडी बाई कोण असावी याचं तिला नवल वाटायचं.

हरिहरराव रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर. रुळाला तडा कुठं जाईल ते आधीच ओळखायचं हे त्यांचं काम. घरीही तीच सवय. बायको बोलताना कुठं अडखळेल ते तिनं तोंड उघडायच्या आधीच सांगायचे. माणूस मनानं चांगला, पण समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

विनया गणिताची शिक्षिका. न्यूझीलंडमधल्या एका शाळेनं तिला नोकरी देऊ केली होती, आणि हरिहरराव बायकोच्या नोकरीमागं परदेशी जायला आनंदानं तयार होते, हे कॉलनीला पचायला जरा जडच गेलं होतं. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. मे महिन्यात ती लेखी परीक्षेत छान उतरली आणि तोंडी परीक्षेत आपटली. आता सप्टेंबरात शेवटची संधी. शाळा त्यापुढं थांबणार नव्हती. आणि विनयाला जायचं होतं. इतकं तिला आजवर कुठंच जायचं नव्हतं.

"तुझा कॉन्फिडन्स कमी पडला," हरिहररावांनी निदान केलं होतं. "अच्छा, आता असं कर, पाठांतर वाढव."

खरं कारण निराळं होतं आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. हजरतगंजजवळच्या एका जुन्या इमारतीत परीक्षा होती. घरून निघताना तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. सकाळी जी बाकावर बसली ती दुपारी तिचं नाव पुकारेपर्यंत. मे महिन्याची लखनौची भाजून काढणारी लू, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही. गोऱ्या परीक्षकासमोर तोंड उघडलं तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली. आवाज असा घोगरा निघाला की परीक्षक सारखे पुढं झुकून 'पार्डन?' म्हणत राहिले, आणि प्रत्येक 'पार्डन'ला तिची पाठ केलेली आणखी एक ओळ उडून गेली.

साताऱ्याला असताना एस.टी.ला निघण्याआधी आई म्हणायची, "पाणी बेतानं पी गं." का, ते आईनं कधी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. मुलींना ते न सांगताच कळतं. लग्न होऊन ती लखनौला आली तीही बेतानंच पाणी पीत. बाजारात गेली की कुठं पुरुषांसाठी सोय आहे ते लांबूनच वासावरून कळायचं. बायकांसाठी कुठं आहे ते कधीच कळायचं नाही. या गोष्टीचा तिला फार राग होता. काढणार कुणावर? मग तो ती पाण्याऐवजी गिळायची.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी हरिहररावांनी तिला स्कूटरवरून अलीगंजला कांचनताईंकडे सरावाला नेलं. कांचनताई मूळच्या नागपूरच्या, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी सरबताचा पेला पुढं केला. विनयानं तो ओठांना लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला, कारण इथून पुढं चिनहटच्या एका कारखान्यात हरिहररावांचं काम होतं, आणि घर गाठेपर्यंत संध्याकाळ होणार होती.

कांचनताईंनी सार्वजनिक सोयींबद्दल विचारलं. विनयानं वाचनालय सुरू केलं, बाग संपवली. हरिहरराव मान डोलावत होते.

"हं," कांचनताई म्हणाल्या. "वाचनालयात शेवटची कधी गेली होतीस?"

विनयानं नवऱ्याकडे पाहिलं.

"मग हे वाचनालय कुणाचं आहे? बाई गं, मला तुझं सांग. घराबाहेर पडलीस की कुठली सोय लागते तुला? इंग्रजीतच सांग, सावकाश."

विनयानं त्या सरबताच्या पेल्याकडे पाहिलं. मग हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवत, तिनं सांगितलं. तिला जी सोय लागते ती या शहरात नाही, म्हणून ती बाहेर पडायच्या आधी पाणी बंद करते. मे महिन्यातही केलं होतं. घसा सुकला आणि परीक्षा गेली.

हरिहरराव पहिल्यांदाच काही सुचवत नव्हते.

"आणि हसणं?" कांचनताईंनी हलकेच विचारलं. "कुणाचं हसू लक्षात आहे?"

तेही तिच्यापाशी होतं. गेल्या वर्षी चिनहटला स्कूटर पंक्चर झाली. नवरा पंक्चर काढून घेत होता तेव्हा तिनं एका अनोळखी घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईनं हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हिनं काही बोलायच्या आत ती हसली आणि दारातून बाजूला झाली. नावसुद्धा विचारलं नाही.

"तू तर भांडी बघून येते म्हणाली होतीस!" हरिहरराव मराठीत ओरडले.

"अहो, रिकाम्या हातानं परत आले, ते नाही दिसलं?"

चिनहटचं काम उरकून दोघं परत निघाली. फैजाबाद रोडला लागल्यावर हरिहरराव मान न वळवता म्हणाले, "यापुढं प्यायचं पाणी. लागलं तर सांग, मी स्कूटर थांबवीन."

"कुठं थांबवाल?"

रस्त्याच्या कडेला भिंतीकडं तोंड करून दोनचार पुरुष निवांत उभे होते. हरिहररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्ताभर बायकांसाठी काही सोय दिसते का ते शोधत राहिले. तिला वाईटही वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.

परीक्षेच्या दिवशी तिनं सवयीनं चहा नाकारलाच. हरिहररावांनी तिला त्याच इमारतीत, त्याच बाकावर बसवलं आणि ते नाहीसे झाले. पान खायला गेले असतील, असं तिला वाटलं. उकाडा वाढत होता, घसा पुन्हा सुकत होता. एकेक नाव पुकारलं जात होतं. या माणसाला नेमकं आजच कुठं जायचं होतं, म्हणून ती मनातून चिडली.

ते आले तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हातात पाण्याची बाटली, आणि मागून डोक्यावरची ओढणी सावरत एक वयस्कर बाई.

"इथलं बायकांचं कुलपात असतं," ते कुजबुजले. "किल्ली ऑफिसातल्या बडे बाबूंकडे, आणि बडे बाबू रजेवर. मग मागच्या गल्लीत विचारलं."

"विचारलंत? कुणाला?"

उत्तर त्या बाईंनीच दिलं. "हर दरवाज़े पर, बिटिया! दो घरों से तो डाँट भी खाई. हमारे यहाँ आए तो बस मुस्कुराए जा रहे थे, मुँह से बोल न निकले. हम समझे कुछ बेचने आए हैं." त्या पदराआड हसाव्या तशा ओढणीआड हसल्या. "आओ, घर पास ही है."

हरिहररावांचे कान लाल झाले होते. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढं धरलं. "आधी पी. पोटभर पी."

विनया प्यायली. बेतानं नाही, घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मग त्या बाईंबरोबर जाऊन आली, आल्यावर उरलेलं पाणीही संपवलं, आणि तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

या खेपेला परीक्षक बाई होत्या. दोनचार इकडचे तिकडचे प्रश्न झाले आणि त्यांनी विचारलं, तुमच्या शहरात लोक अनोळखी माणसांकडे बघून हसतात का?

हरिहररावांचं उत्तर तिला अजून तोंडपाठ होतं. ते तिनं बाजूला ठेवलं.

"फारसं नाही," ती इंग्रजीत म्हणाली, आणि आवाज स्वच्छ निघाला. "पण आज सकाळी माझा नवरा हसला. दारोदार जाऊन हसला. का, ते सांगते."