आईशेजारची जागा

पॅसिफिक महासागरातल्या आयतुताकी बेटावर तेपाएरू अठरा वर्षांनी उतरली, तेव्हा आईला जाऊन सात महिने झाले होते. ऑकलंडच्या एका वृद्धाश्रमात ती परक्यांच्या आयांना न्हाऊ घालायची आणि दर नाताळात घरी फोन करून "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायची. आई गेल्याचं कळलं तेव्हा तिकीटही काढलं होतं. पण कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून विमानतळावरून माघारी फिरली.

रविवारी थोरली बहीण मेतुआ तिला चर्चला घेऊन निघाली. खापरपणजोबांच्या पिढीनं समुद्रातलं प्रवाळ भाजून चुना केला आणि त्यात हे चर्च बांधलं. ढगाळ उजेडात त्याच्या पांढऱ्या भिंती करड्या दिसत होत्या. दोन पर्यटक कमानीखाली उभे राहून फोटो काढत होते. आईचं थडगं भिंतीला लागूनच होतं. तेपाएरू तिथं गुडघे टेकून बसली, पण रडू काही येईना.

तेवढ्यात शेजारची इनांगारो बायकांच्या घोळक्यातून आत गेली. तिच्या अंगावर निळा, लेसच्या बाह्यांचा झगा होता.

"ताई, तो माझा झगा ना?"

"तुझाच. मागं टाकून गेलेलीस."

"मग तिच्या अंगावर कसा?"

मेतुआनं डोक्यावरची माडाच्या पातीची टोपी सारखी केली. "आईचे डोळे गेले ना, तेव्हापासून एकच धोसरा. तेपाएरू आली का? मी तरी किती दिवस नाही म्हणू? शेवटी इनांगारोला तुझा झगा घातला नि चर्चमध्ये आईशेजारी बसवलं. आईनं लेस चाचपली आणि म्हणाली, आली गं माझी बाय."

"आवाज ओळखला नाही?"

"इनांगारो बोलायचीच नाही. हात धरून बसायची. चार वर्षं, दर रविवारी. तुझे नाताळचे फोन तेवढे मी आईच्या कानावर पडू दिले नाहीत."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

तेपाएरू उठून आत गेली.

घराण्याच्या बाकावर इनांगारो बसली होती. ती लगबगीनं उठली. "ये, बस. तुझी जागा आहे. सवयीनं बसते आपली."

"तू बस," तेपाएरू म्हणाली आणि तिच्या पलीकडं टेकली.

प्रार्थनागीत सुरू झालं. बायकांचे आवाज चढले, त्याखाली पुरुषांचा घुमारा. इनांगारो तिच्या कानाशी वाकली.

"एक सांगायचं राहिलंय. जायच्या आदल्या रविवारी तुझी आई म्हणाली, पोरी, न सांगता घर सोडून गेलीस तेव्हा मी तुला शाप दिला होता. तो परत घेते. एवढं ऐकलंस ना?"

"मग?"

"मी तिचा हात दाबला. दुसरं काय करणार?"

तेपाएरूच्या पदरी पडायचं ते वाक्य दुसरीच्या तळहातावर सांडून गेलं होतं. तिनं इनांगारोचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. तारोचे कंद खणून खणून तो राठ झाला होता. मग मात्र तिला हुंदका आवरेना. पुढच्या बाकावरच्या बायका गाता गाता वळून बघू लागल्या. मेतुआनं तिच्याकडं पाहिलं नाही. ती गातच राहिली.

मंगळवारी तेपाएरू विमानात बसली. परत कधी येशील, हे तिला कुणी विचारलं नाही.