आसेगावात धम्मदीपाला कोणी ओळखेना

मित्रांनो, मी आसेगावच्या स्टँडवरचा एक जुना लाकडी बाक आहे. दौलतरावांच्या चहाच्या हॉटेलापुढे मी उभा असतो. ऊन चढलं की मला पेंग येते आणि मी पुन्हा कडुनिंबाचं झाड होतो. अंगावर पानं सळसळतात, कुठूनसा मोहराचा कडसर वास येतो. मग कोणीतरी धपकन बसतं आणि मी जागा होतो.

रामकिसन सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, तेव्हा सगळे माझं कौतुक करत. पुढे ते विसरले. शेलूबाजारच्या जीपची वाट पाहत माझ्यावर अभ्यास करणारी धम्मदीपा मात्र बसण्याआधी मला ओढणीने पुसायची.

तीच धम्मदीपा मोठी झाली. सरकारची गुप्त कागदपत्रं सांभाळण्याच्या नोकरीसाठी तिची निवड झाली. पण आधी तिच्या मागच्या आयुष्याची चौकशी व्हायची होती. एका दुपारी साध्या कपड्यांतला पोलीस माझ्यावर येऊन बसला.

"धम्मदीपा कशी मुलगी आहे?" त्याने विचारलं.

"कोन धम्मदीपा?" दौलतराव म्हणाले. "आमी नाही वळखत साहेब."

"अशी कोनी नाही बा गावात," शेजारची प्रयागबाई म्हणाली.

आमच्या गावाची ही सवयच आहे. पोलिसाने नाव विचारलं की कोणी कोणाला ओळखत नाही. त्यांची ती मायाच. पण गावात ओळख पटली नाही, तर पोरीची नोकरी जाणार होती! मला ओरडावंसं वाटलं. लाकडाला फक्त करकरता येतं. मी करकरलो.

तेवढ्यात धम्मदीपाच जीपमधून उतरली.

"दौलतकाका, मले वळखत नाही काय?"

"वळखतो ना माय! पन हे पोलीस हायेत ना!"

पोलीस हसला, मग गंभीर झाला. "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?"

"नाही, नाही! ते दुसरीच पोरगी होती!" दौलतराव घाईने बोलले.

धम्मदीपा पुढे झाली. "मीच होती साहेब. कॉलेजची एसटी बंद केली म्हनून आमी पोरी रस्त्यावर बसलो होतो. पुढं कोर्टानं सोडलं."

"ते आम्हाला माहीत आहे," पोलीस म्हणाला. "निर्णय वरचे साहेब घेतील. पण तुम्ही लपवलं असतं, तर इथेच संपलं असतं."

दौलतराव खाली मान घालून उभे होते. मग ते येऊन माझ्यावर बसले.

"लिहा साहेब. मी वळखतो तिले. पोरी रस्त्यावर बसल्या होत्या, तवा त्यायले चहा मीच नेला होता."

पावसाळा सरता सरता धम्मदीपाला नेमणुकीचा हुकूम आला.

मित्रांनो, माझी एक फळी उकलली आहे. कोणी खिळा मारला तर बरं वाटेल. आणि आपल्या माणसावर माया असेल, तर त्याचं मागचं झाकत बसू नका. त्याच्या शेजारी येऊन बसा. माझ्यावर अजून पुष्कळ जागा आहे.